फरीदाबादच्या शिवारात लाकडी घर

दिल्लीच्या दक्षिणेला फरीदाबाद जिल्हा पसरला आहे. एका बाजूला यमुनेचे खादर म्हणजे नदीकाठची पूरजमीन, दुसऱ्या बाजूला अरवलीचे उतार आणि मधे कारखाने, सेक्टर, मेट्रो. या पट्ट्यात शहराबाहेर थोडी जमीन घेऊन लाकडाचे घर बांधावे, असे म्हणणारी माणसे अलीकडे वारंवार भेटतात. त्यात राजधानी परिसरात नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत. कोणाच्या डोळ्यांसमोर मनालीचे देवदारी घर असते, कोणाच्या फिनलंडमधले ओंडक्यांचे, तर कोणाच्या मनात आजोळच्या वाड्याचा कडीपाट असतो. इच्छा चांगलीच आहे. सिमेंट आणि वीटभट्ट्यांच्या धुळीत राहणाऱ्यांना लाकूड हवेसे वाटले तर त्यात नवल नाही.

प्रश्न असा, की या हवेत आणि या मातीत, इथल्या कायद्यांच्या चौकटीत, मिळेल त्या लाकडात आणि भेटतील त्या कारागिरांकडून असे घर नीट उभे राहील का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ते घर चित्रातल्यासारखे दिसणार नाही. फरीदाबादला लाकडाने सांगाडा, छप्पर आणि सावली द्यावी. उन्हाशी झुंजायचे काम मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंतीकडेच ठेवावे. एवढे मान्य केले की बाकीचे बहुतेक निर्णय आपोआप जागेवर बसतात.

नकाशाआधी जमिनीचा कागद पाहावा लागतो, आणि इथे तो फार बारकाईने पाहावा लागतो. अरवलीच्या उतारावरच्या बऱ्याच जमिनी 1900 च्या पंजाब भूसंरक्षण कायद्याखाली अधिसूचित आहेत. या कायद्याच्या कलम 4 खालील विशेष आदेशांनी बांधलेली जमीन वनजमीनच धरली जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये फरीदाबादच्याच प्रकरणांत स्पष्ट केले. त्याआधी 2018 मध्ये सूरजकुंडजवळच्या कांत एन्क्लेव्हमधली बांधकामे पाडण्याचा आदेश झाला होता. ती जमीन 1992 पासून अधिसूचित होती, तरी तिथे भूखंड विकले गेले आणि लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे बांधली. ‘लाकडी घर म्हणजे पक्के बांधकाम नव्हे, त्याला कोण हात लावणार’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. भिंत कशाची आहे यावरून जमिनीचा दर्जा बदलत नाही. खादराच्या बाजूला धोका पुराचा आहे. जुलै 2023 मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची पातळी 208.66 मीटरपर्यंत चढली आणि फरीदाबादच्या नदीकाठच्या गावांतही पाणी शिरले. म्हणजे घरासाठी उरतो तो मधला पट्टा, रीतसर परवानगीचा आणि उंचावरचा. पटवाऱ्याकडची नोंद आणि जिल्हा नगर नियोजकाचे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय सुताराला बोलावू नये.

आता हवा. मुंबई-कोकणातल्या माणसाला ही हवा समजायला दोन-तीन वर्षे जातात. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो, लू वाहते, मधूनच आंधी येते आणि बारीक फट असेल तिथून धूळ आत शिरते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा. डिसेंबर-जानेवारीत धुके, आणि रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरणारे तापमान. एकाच घराला तीन वेगवेगळ्या ऋतूंना तोंड द्यायचे असते. लाकूड हलके असते, दिवसभराची उष्णता पोटात साठवून ठेवायची ताकद त्याच्यात कमी असते. नुसत्या फळ्यांचे घर एप्रिल-मेमध्ये दुपारी लवकर तापते. आत जाड उष्णतारोधक थर भरला तर तापणे मंदावते, पण रात्रीचा गारवा साठवून तो दुसऱ्या दिवशी वापरायचा, हे काम जाड भिंतच करते.

ही समज नवी नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी ज्या नव्या वसाहती आखल्या गेल्या, त्यांत फरीदाबाद होते, आणि त्या कामाशी ऑटो कोनिग्सबर्गर हे जर्मन वास्तुविशारद जोडलेले होते. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह उष्ण कटिबंधातल्या घरबांधणीवर जे पाठ्यपुस्तक लिहिले, ते आजही वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती असते. कोरड्या उष्ण हवेला जड बांधकाम आणि दमट हवेला हलके, खेळत्या वाऱ्याचे बांधकाम हवे, आणि जिथे दोन्ही ऋतू येतात तिथे दोन्हींची सांगड घालावी, ही त्यातली शिकवण फरीदाबादला तंतोतंत लागू पडते.

आणि या जिल्ह्यात याचे उत्तम उदाहरण आहे. वसंत आणि रेवती कामत या वास्तुविशारद दांपत्याने अनंगपूरला अरवलीच्या उतारावर स्वतःचे घर बांधले, ते मातीचे. राजधानीच्या इतक्या जवळ, आधुनिक शिक्षण घेतलेल्या वास्तुविशारदांनी उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांवर विश्वास टाकला आणि त्यात संसार केला. भोपाळचे जनजातीय संग्रहालय रेवती कामत यांचेच. 2020 मध्ये त्या गेल्या. फरीदाबादच्या ग्रामीण भागातले नावाजलेले आधुनिक घर लाकडाचे नाही, मातीचे आहे, ही गोष्ट लाकडाच्या चाहत्याने मनावर घ्यायला हवी. त्याने लाकूड सोडून द्यावे असे नाही. भिंतीचा मान मातीला द्यावा आणि लाकडाला त्याचे खरे काम द्यावे.

ते खरे काम कोणते, हे मराठी माणसाला परक्या मुलखातल्या चित्रांपेक्षा आपल्या वाड्यातून जास्त चांगले कळेल. वाड्याचा सांगाडा खांब आणि तुळयांचा. दोन खांबांमधल्या जागेचा खण हेच घराचे माप, ‘पाच खणी घर’ असे आपण अजून म्हणतो. भिंत विटांची, दगडमातीची किंवा पांढऱ्या मातीची, जाडजूड. भार मुख्यतः लाकडावर, ऊन-पाऊस अडवण्याचे काम भिंतीवर. पुण्याचा विश्रामबाग वाडा 1807 चा. त्याचे कोरीव सागवानी खांब आणि महिरपी पाहायला लोक जातात, पण घर बांधू पाहणाऱ्याने तिथे खांबाचा पाय पाहावा. लाकूड जमिनीला टेकत नाही. खाली घडीव दगडाचा तळखडा असतो, खांब त्याच्यावर बसतो आणि जमिनीतली ओल दगडाशी थांबते. वर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. कुसू आणि खाचेचे सांधे असे, की भुईच्या हालचालीत थोडे सरकतात, पण सहसा निसटत नाहीत.

या सांगाड्याची सगळ्यात कठोर परीक्षा 30 सप्टेंबर 1993 रोजी झाली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्यावर मातीचा जड थर अशी घरे होती. हजारो माणसे त्या दगडांखाली गेली. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट ठिकठिकाणी दिसली: भिंती ढासळून ढिगारा झाला होता, पण मधे खांब-तुळयांचा खण छत पेलत उभा होता. माणसे भिंतीच्या दगडांनी मारली, छताने तितकी नाही. फरीदाबाद भारतीय मानक 1893 च्या 2016 च्या नकाशात भूकंपक्षेत्र 4 मध्ये आहे; किल्लारीचा परिसर त्या भूकंपाआधीच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. म्हणून इथे भिंत जाड हवीच, पण ती सांगाड्याला बांधलेली, आडव्या लाकडी किंवा काँक्रीटच्या पट्ट्यांनी आवळलेली हवी. हिमाचल-उत्तराखंडातले गवंडी दगडी भिंतीत देवदाराचे आडवे थर घालत आले, त्याचे कारण हेच. भिंतीने उष्णता अडवावी, छप्पर लाकडाने पेलावे आणि भूकंपात दोघांनी एकमेकांना धरून राहावे, ही रचना फरीदाबादच्या घराचा गाभा आहे असे मला वाटते.

आजच्या काळात लाकडाकडे नव्याने पाहणारे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले घर म्हणजे अलिबागजवळच्या नांदगावचे पामायरा हाऊस. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने ते 2007 मध्ये पुरे केले आणि 2010 च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत ते पोचले. नारळाच्या वाडीत दगडी जोत्यांवर उभ्या दोन लांबट इमारती, सांगाडा ऐनाचा, सांधे सुतारांनी हाताने जुळवलेले, आणि दर्शनी बाजूंना ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा. समुद्राचा वारा त्यांतून गाळून आत येतो आणि ऊन अडते. विहिरीचे पाणी उंच टाकीत चढवून उतारावर सोडलेले. घराची एकेक गोष्ट तिथल्या हवेशी बोलणारी आहे, म्हणूनच ते फरीदाबादला उचलून आणता येत नाही. त्या झडपांमधून पहिल्या आंधीत घरभर धूळ होईल आणि जानेवारीच्या रात्री अंगावर दोन गोधड्या घेऊनही थंडी वाजेल. मात्र त्यातून घेण्यासारखे बरेच आहे: दगडी जोते, परिसरातले लाकूड, कारागिराशी बसून एकेक सांधा ठरवणे. झडपा हव्यात, पण भिंतीपासून हात-दीड हात पुढे, पश्चिमेला आणि दक्षिणेला, सावलीसाठी. आत घट्ट मिटणारी, जोडकाचेची खिडकी. मधली जागा म्हणजे आपली ओसरी किंवा पडवी, आणि उत्तर भारतात पावसाळ्यातल्या संध्याकाळी घरातली सर्वांत सुखाची जागा तीच ठरते.

लाकूड आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. हरियाणात वनाच्छादन चार टक्क्यांहून कमी, देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांत त्याचा क्रमांक लागतो. फरीदाबादच्या मांगरमध्ये मांगर बनी ही देवराई आहे. धौ या वृक्षाचे ते जंगल, आपल्या धावड्याच्या जवळच्या नात्यातले झाड. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या तिथली हिरवी फांदी तोडली नाही. अशा जिल्ह्यात घरासाठी जंगलातल्या लाकडाचा विचारही करायचा नाही. पण याच राज्यात शेताच्या बांधांवर निलगिरी आणि पॉप्लर मोठ्या प्रमाणावर लावले जातात आणि यमुनानगर हे प्लायवूडचे देशातले मोठे केंद्र आहे. शेतातले लाकूड मुबलक आहे. घराच्या तुळईपर्यंत मात्र ते फारसे पोचत नाही.

याला धोरणाचाही इतिहास आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरणे बंद केले. जंगले वाचवण्याचा हेतू चांगला होता, पण परिणाम असा, की एका पिढीच्या अभियंत्यांना लाकडी तुळईचे गणित मांडायची गरजच पडली नाही. 2020 मध्ये ही बंदी उठली. भारतीय मानक 883 मध्ये लाकडी बांधकामाच्या संकल्पनाचे नियम आहेत, राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूचा स्वतंत्र विभाग आहे, डेहराडूनची वन संशोधन संस्था शंभरहून अधिक वर्षे भारतीय लाकडांची ताकद मोजत आली आहे. ज्ञान आहे, ते वापरणारे हात कमी आहेत. ज्या अभियंत्याने एकही लाकडी छप्पर मोजलेले नाही, त्याला ‘अंदाजाने जरा जाड घ्या’ म्हणू देऊ नये. जास्तीचे लाकूड वाया जाते आणि सांधा तरी कच्चा तो कच्चाच राहतो.

सागवान हवेच असेल तर ते विदर्भातून येऊ शकते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतल्या सागाचे लिलाव बल्लारपूरच्या आगारात होतात. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठीचा साग 2023 मध्ये तिथूनच वनविकास महामंडळाने पाठवला. पण खर्च पाहता साग दारे-खिडक्या, पायऱ्या आणि पावसात राहणाऱ्या भागांपुरता ठेवावा. म्यानमारने 2014 मध्ये सागाच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यापासून ‘बर्मा टीक’ या नावाखाली काय विकले जाते याची चौकशी करणे भाग आहे. दिल्लीच्या कीर्तिनगरला आणि गुजरातेत कांडला-गांधीधामला परदेशी पाइनचे ढीग असतात. ते सरळ, स्वस्त आणि कापायला सोपे असते. पण वाळवी त्यावर तुटून पडते, म्हणून दाबाखाली औषध मुरवल्याशिवाय ते घरात आणू नये.

कीर्तिनगरच्या वखारीत ‘सुका माल’ म्हणून जे दाखवतात, त्यावर ओलावा मोजायचे यंत्र टेकवून पाहावे. दोन टोचण्यांचे ते छोटे यंत्र घर बांधणाऱ्याने स्वतः विकत घ्यावे इतके स्वस्त आहे. ताज्या लाकडातला ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आक्रसायला लागते. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते, आणि वर्षवलयांच्या दिशेने आक्रसणे वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट. म्हणून फळी वाकते, चौरस खांबाला चीर जाते. फरीदाबादला मेच्या कोरड्या लूत लाकूड आक्रसते आणि ऑगस्टच्या दमटात फुगते. मेमध्ये नीट बसवलेले दार ऑगस्टमध्ये चौकटीत अडकते. भट्टीत दहा-बारा टक्क्यांपर्यंत वाळवलेले लाकूड घ्यावे, जागेवर आणून पट्ट्या घालून, सावलीत, हवा खेळती ठेवून काही आठवडे तसेच रचून ठेवावे, आणि मगच करवत लावावी. फळ्यांना एका कडेला स्क्रू आणि दुसऱ्या कडेला खाचेत मोकळीक द्यावी. जुने सुतार हे न सांगता करत. आता सांगावे लागते, आणि कंत्राटात लिहावेही लागते.

वाळवीचा विचार नकाशात करायचा, औषधाच्या डब्यात नाही. जमिनीखालून येणारी वाळवी ओलीच्या आणि अंधाराच्या आडोशाने मातीच्या नळ्या करत वर चढते. तिला उघड्यावर यायला भाग पाडले की ती दिसते आणि नळी खरवडून काढता येते. म्हणून जोते दोन फूट तरी उंच, भोवती फरशीची मोकळी पट्टी, तिच्यावर ना फुलझाडांचे वाफे ना सरपणाचा ढीग. जोत्याच्या माथ्यावर भिंतीबाहेर दोन बोटे डोकावणारा, खाली वळवलेला धातूचा सलग पत्रा. खांबाचा पाय तळखड्यावर, मधे गंज न धरणाऱ्या पोलादाचा छोटा पाया, म्हणजे खांबाखालून बोटभर जागा मोकळी राहते, पाणी साचत नाही आणि वाकून पाहिले की पलीकडचे दिसते. पायाभरणीत सेंट्रिंगच्या फळ्या आणि खुंट्या मातीत गाडलेल्या राहिल्या तर वाळवीला ते आमंत्रणच. भारतीय मानक 6313 प्रमाणे मातीला औषध द्यावेच, पण ते काही वर्षांनी निष्प्रभ होते. उंच जोते आणि मोकळी पट्टी तशी निष्प्रभ होत नाहीत. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचे फिकट रसकाष्ठ मात्र ती खाते, आणि लागवडीच्या कोवळ्या सागात ते बरेच असते. लाकूड निवडताना रंग पाहायचा तो एवढ्यासाठी.

आगीची भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. 1828 मध्ये शनिवारवाडा जळाला आणि ती आग अनेक दिवस धुमसत राहिली. 1879 मध्ये बुधवार वाडा खाक झाला. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जाते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. मऊ लाकडात हा वेग मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर धरतात. म्हणून अर्ध्या तासासाठी तुळईच्या उघड्या बाजूंना वीस-पंचवीस मिलिमीटर जास्तीची जाडी ठेवता येते. बारीक फळ्या आणि पोकळ भिंती यांच्या बाबतीत हे गणित चालत नाही. स्वयंपाकघर आणि वीजफलक जाड भिंतीच्या बाजूला, तारा धातूच्या नळीतून, आणि गावातल्या घराला अग्निशमन गाडी वेळेत येईल असे न धरता पाण्याची टाकी आणि नळी तयार, एवढे तरी हवेच.

लाकडाच्या बाजूने या भागात एक नवे आणि भक्कम कारण तयार झाले आहे. थंडीत राजधानी परिसराची हवा बिघडली की श्रेणीबद्ध कृती आराखडा लागू होतो आणि वरच्या टप्प्यांत खोदकाम, काँक्रीट, पाडकाम बंद पडते. रोजंदारीचा मजूर हातावर हात धरून बसतो, मालकाचे वेळापत्रक कोलमडते. धूळ न उडवणारी सुतारकीसारखी कामे मात्र या निर्बंधांतून वगळलेली असतात. पाया, जोते आणि भिंती ऑक्टोबरआधी आटोपल्या, तुळया-कैच्या कार्यशाळेत तयार करून आणल्या, तर त्या जागेवर जोडायला दिवस थोडे लागतात आणि हवाही मळत नाही. पट्ट्या चिकटवून बनवलेल्या तुळयांचे घर गोव्यात दिल्लीच्याच आर्किटेक्चर डिसिप्लिन या संस्थेने उभे केले, आणि अशा लाकडाचे भारतातले पहिले घर म्हणून ते ओळखले गेले. ही पद्धत फरीदाबादच्या छपराला चांगली शोभेल. संपूर्ण घर आयात केलेल्या लाकडाचे करण्याचे कारण मात्र मला दिसत नाही. घनमीटरभर लाकडात पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो हे खरे, पण त्याचा हिशोब जहाज, ट्रक, औषधे आणि घर किती वर्षे टिकेल यांसकट करायचा असतो.

बांबूही विचारात घ्यावा. कुडाळच्या कोंबॅक संस्थेने सिंधुदुर्गातल्या बांबूवर प्रक्रिया करून बांधकामात वापरता येईल असे बरेच काम केले आहे. पडवीचे छत आणि झडपा यांसाठी तो उत्तम. मुख्य तुळईसाठी मी अजून लाकूडच निवडेन.

एक मागणी मात्र थेट हरियाणा सरकारकडे आणि यमुनानगरच्या कारखानदारांकडे करावीशी वाटते. शेतकऱ्याच्या बांधावरची निलगिरी आज प्लायवूडमध्ये जाते. तिचेच पातळ थर एका दिशेने चिकटवले की भरवशाची तुळई होते, आणि तिच्यासाठी भारतीय मानकही आहे. तिची ताकद तपासून, शिक्का मारून ती किरकोळ बाजारात मिळू लागली, तर फरीदाबादच्या गावातले घर बर्माचा किंवा कॅनडाचा माल न घेता स्वतःच्या राज्यातल्या लाकडाने छप्पर घालू शकेल. सरकारने आपल्या गावांतल्या शाळांची आणि पंचायत घरांची छपरे आधी अशी करून दाखवावीत. खासगी घरमालक मागोमाग येतील.